एकशे चौदाव्या पानाची प्रत

दादा गेल्यानंतर चार महिन्यांनी त्यांचा कॉम्प्युटर वाजायला लागला. मी वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे आवाज पहिल्यांदा वहिनींनी ऐकला. दर सोमवारी त्या तो पुसून पाच-दहा मिनिटं सुरू करून ठेवत. बंद पडून राहिलेलं यंत्र खराब होतं, असं दादा म्हणायचे, म्हणून. कॉम्प्युटरवर दुसरं काही करायला त्यांना येत नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्या म्हणाल्या, "भावजी, जरा खाली या. सुपारी कातरल्यावानी आवाज यायलाय त्याच्यातून."

टेबलाखालच्या डब्यातून खरोखरच कट, कट असा आवाज येत होता. थोडा वेळ थांबायचा, पुन्हा यायचा. पडद्यावर दादांनी लावलेला शाळेचा फोटो उमटायला बारा-तेरा मिनिटं लागली.

"बंद करू या," मी म्हणालो.

"आन् ते पान?" वहिनींनी विचारलं.

ते पान म्हणजे काय, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दादा माझे थोरले भाऊ. शिरूर कासार भागातल्या एका गावी ते एकोणतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघत आणि वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून जात. परत येत तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असे, आणि काही तर शाळेत परत येतच नसत. ज्यांच्या घरी मागे म्हातारं माणूसही राहत नसे, अशा सात-आठ मुलांना दादा आणि वहिनी हंगामभर आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेत. त्याला काही नाव नव्हतं, पाटी नव्हती. दोन्ही वेळच्या भाकरी वहिनी करत.

निवृत्तीनंतर दोघं अंबाजोगाईला, माझ्या घराच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. मी इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. इथे आल्यावर दादांनी त्या मुलांविषयी लिहायला घेतलं. एका मुलाचं एक टिपण, आणि त्याला नावाऐवजी नंबर. टिपण चार पानांचं असलं तरी ते त्याला 'पान'च म्हणायचे. संध्याकाळी लिहिलेलं वहिनींना वाचून दाखवायचे. वहिनी शेंगा फोडता फोडता ऐकायच्या आणि चुका काढायच्या. त्यांचे आवाज जिन्यातून वर यायचे. मी वाचत बसलेला असायचो, लक्ष द्यायचो नाही.

एकशे चौदा नंबरचं पान एका मुलीचं. दुसरीत होती. तान्ह्या भावाला सांभाळायला तिला टोळीबरोबर न्यायचं ठरलं होतं. पहाटे ट्रक भरला, मुलगी भांड्याकुंड्यांत झोपून गेलेली. तेवढ्यात कुणीतरी जाऊन तिच्या आईला अडवलं आणि झोपेतच मुलीला उतरवून घरी आणलं. दादांनी लिहिलं होतं की, मी गेलो.

"हे गेलतेच न्हाईत," वहिनी मला म्हणाल्या. "हे त्या दिशी बीडला, कसल्या तरी मीटिंगला. मी गेलते. पिठाचे हात तसेच. ट्रकच्या फळीला धरून उभी ऱ्हायले, म्हनलं पोरगी उतरवल्याबिगर गाडी हलू देत न्हाई. हे वाचाया लागले तवा मी सांगितलं. म्हनले, बरोबर हाय तुझं, दुरुस्त करतो."

"मग?"

"मंग काय? दवाखान्यात गेले. केलं का न्हाई, तेवढंच बघायचंय मला."

चार महिन्यांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. सांगायला कारण झालं ते असं, की आदल्या आठवड्यात ती मुलगी भेटायला येऊन गेली होती. आता ती लातूरला नर्स आहे. सरांनी मला ट्रकमधून उतरवून आणलं म्हणून मी शिकले, असं ती बसल्या जागी चार-पाच जणांना सांगत होती. जाताना तिने आपलं पान मागितलं. प्रत्येकाला त्याच्या पानाची प्रत द्यायचं दादांनी कबूल केलं होतं.

"तुम्ही काही बोलला नाहीत तिला?"

"काय बोलू? माणूस गेलेलं, आन् मी म्हनू का, हे न्हवते, मी होते? च्या दिला तिला."

मग त्यांनी कपाटातून एक स्टीलची डबी आणली. दादांनी बॅकअप घेऊन ठेवलाय, म्हणाल्या. डबीत पाच पेन ड्राइव्ह होते. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर दादांच्या अक्षरात महिना. इतकी शिस्त पाहून मला हायसं वाटलं. मी ते एकेक करून माझ्या लॅपटॉपला लावले. पाचही पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरचं एकच चित्र होतं, आणि चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा वाकडा बाण. क्लिक केलं की, अशी जागा सापडत नाही, असा निरोप यायचा.

ते फोल्डर नव्हतंच. ती फोल्डरकडे नेणारी नुसती खूण होती. दादांनी दर वेळी पडद्यावरची खूण उचलून पेन ड्राइव्हमध्ये ठेवली होती, आणि पानं जिथल्या तिथे राहिली होती. ग्रंथालयात कार्डांचं कपाट असे तेव्हा नवे विद्यार्थी कार्डच काढून काउंटरवर आणायचे आणि म्हणायचे, हे पुस्तक पाहिजे. त्यांना मी तीस वर्षं समजावत आलो होतो की हे कार्ड आहे, पुस्तक आत मांडणीवर आहे. घरात कुणाला समजावायची वेळ आली नव्हती.

म्हणजे पानं एकाच ठिकाणी होती, त्या वाजणाऱ्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ. आधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, नंतर कॉम्प्युटर. दादा त्याला उस्ताद म्हणायचे. तो दादांना बडे सर म्हणायचा, म्हणून मला छोटे सर.

"बडे सरांची मशीन ना?" आवाजाचं वर्णन मी पुरं करायच्या आत तो म्हणाला. "तीन साल झाले सांगत होतो, सर, डिस्क बदला. म्हणायचे, उस्ताद, मी बी जुनाच हाय, मला कुठं बदललं कुणी?" तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "आता छोटे सर, एक ऐका. तिला चालू करू करू बघू नका. आत काय हाय, काय न्हाई, उघडू नका. उघडलं की ती फिरती, आन् फिरली की झिजती. आधी पूरा माल कॉपी करून घ्या. वाचायचं ते मागून वाचा."

त्याने काउंटरवर दोन खोकी ठेवली. एकात तळहाताएवढी जाड ड्राइव्ह, दुसऱ्यात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, पातळ.

"ही मोठी, हिच्या आत चकती फिरती. पाडली की संपली. ही छोटी एसएसडी, हिच्यात फिरायला काहीच न्हाई, पाडा, झटका, लई पळती. कुठं ठेवणार?"

"कपाटात."

"रोज लावणार?"

"रोज कशाला? महिन्यातून एकदा."

"आन् लावायची विसरलाव तर? साल, दोन साल?"

"तसंही होईल."

"मंग मोठी घ्या. छोटीला लई दिवस करंट न्हाई मिळाला तर ती विसरू शकती, असं म्हणतात. कपाटातल्या कामाला चकती बरी. फक्त हातातून सोडू नका."

किती वर्षं टिकेल, असं मी विचारलं. पुस्तकांच्या बांधणीवाल्याला मी हाच प्रश्न विचारायचो.

"गॅरंटी तीन सालची हाय. पण सर, गॅरंटी डब्याची. आतल्या मालाची गॅरंटी कोण देतंय? म्हणून दोन घ्या. एक तुमच्या घरी, एक दुसऱ्याच्या. एकाच घरात दोन ठेवल्या तर ती एकच समजा."

मी दोन घेतल्या.

प्रती ठेवायचं सॉफ्टवेअर निवडायला मला दोन दिवस लागले. नुसती कॉपी करूनही चाललं असतं, पण दादांचं लिखाण एकदा नीट ठेवायला घेतल्यावर मला ते पद्धतशीर हवं होतं. खरं सांगायचं तर चार महिन्यांत पहिल्यांदाच मला करण्यासारखं काम मिळालं होतं, आणि मी ते लांबवलं. वरच्या खोलीत बसून मी चार प्रकारांची माहिती वाचली आणि पाठकोऱ्या कागदावर मांडली. पहिला प्रकार सगळं इंटरनेटवर नेऊन ठेवणारा. तो मी लगेच खोडला, कारण दादांनी त्या कुटुंबांविषयी जे लिहिलं होतं ते त्यांना विचारल्याशिवाय घराबाहेर ठेवणं मला पटलं नसतं. दुसरा सगळ्या फायली एका मोठ्या गाठोड्यात बांधून टाकायचा, आणि ते गाठोडं त्याच सॉफ्टवेअरने सुटायचं. उद्या ते सॉफ्टवेअर राहिलं नाही, तर? तिसरा आरशासारखा होता. कॉम्प्युटरवर जे असेल तेच ड्राइव्हवर. इकडे एक ओळ बदलली की तिकडची बदलायची, इकडे पान पुसलं की तिकडचं पुसायचं. पुष्कळ लोक हाच वापरतात, असं लिहिलेलं होतं. चौथा फायली जशाच्या तशा ठेवायचा, आणि एखादी बदलली तर जुनी प्रत तारखेच्या फोल्डरमध्ये बाजूला काढायचा.

ग्रंथालयात पुस्तकांची दाखल नोंदवही असते. एखादं पुस्तक हरवलं, फाटलं, रद्दीत गेलं तरी त्याची नोंद खोडायची नसते. शेरा लिहायचा आणि ओळ वाचता आली पाहिजे. मी चौथा निवडला.

जेवताना वहिनींना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे नवं लिवलं तरी पहिलं पुसत न्हाई?"

"पुसत नाही. बाजूला ठेवतं."

"मंग बरंय की."

रविवारी सकाळी दहाला कॉपी सुरू केली. उस्तादने सांगितल्याप्रमाणे डब्याची एक बाजू उघडून टेबलफॅन त्यावर सोडला. जुना कॉम्प्युटर, त्यामुळे काम हळू. वहिनी सुपात ज्वारी घेऊन शेजारी बसल्या. मध्येच कट, कट व्हायचं आणि त्यांचा हात थांबायचा. पुन्हा सुरू झालं की त्या खडे वेचायच्या. चार वाजता काम संपलं.

मग मी पडताळणी केली. तिकडे दोनशे सात फायली, इकडे दोनशे सात. प्रत्येकीचा आकार जुळवला, कागदावर टिक केली. उघडली एकही नाही. उस्तादने उघडू नका म्हटलं होतं हे एक कारण, पण ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावून तिच्यातली एखादी फाइल उघडता आली असती. ती मी उघडली नाही, कारण मोजणीत पुस्तक उघडायचं नसतं. दर मे महिन्यात ग्रंथालयाची मोजणी व्हायची. जो पुस्तक उघडतो त्याची मोजणी पुरी होत नाही, असं मी मदतनीसांना दरडावत असे. नंबर बघायचा, टिक करायची, पुढे जायचं. मी तेच केलं आणि समाधानाने ड्राइव्ह कपाटात ठेवली.

"आता बघायचं का पान?" वहिनींनी विचारलं.

"उद्या. निवांत बघू."

सोमवारी सकाळी वहिनींनी सवयीने बटण दाबलं. कट, कट झालं नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथेच राहिली. त्या घाबरल्या, पण मी घाबरलो नाही. आपल्याकडे आहे सगळं, असं म्हणून मी लॅपटॉप खाली आणला, ड्राइव्ह लावली आणि एकशे चौदा नंबरची फाइल उघडली.

पडदाभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मध्येच डॉलर. एक शब्द लागेना.

"हे विंग्रजी कुणी केलं?" वहिनी म्हणाल्या.

मी एकशे पंधरा उघडली. मग शंभर. मग एक. सगळ्यांचं तेच.

"भावजी, इतकी पुस्तकं वाचलाव तुमी, आन् हे तेवढं कावून वाचता येईना?"

त्या दिवशी जेवताना त्यांनी मीठ पुढे सरकवलं, तेवढाच आमचा संवाद.

उस्तादने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "फॉन्ट घेतला का न्हाई, सर?"

"फॉन्ट?"

"बडे सर टायपिंगची परीक्षा पास झालेले, मराठी टाइपरायटरवर. नवी पद्धत त्यांच्या बोटात बसेना. म्हणून मी त्यांना जुना फॉन्ट टाकून दिलता, लग्नपत्रिकेच्या प्रेसमधून आणून. त्या फायलीत अक्षर न्हाईच, सर. तिथं फक्त कोणती कळ दाबली ते हाय. त्या कळीचं मराठी अक्षर फॉन्ट करतो. फॉन्ट न्हाई तर ती इंग्रजी कळ तशीच दिसती." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी माल आणला, लिपी तिथंच ठेवली."

पुस्तक कोणत्या खिळ्यांनी छापलं हे ग्रंथपाल विचारत नाही. ते छापखान्याचं काम. मी दोनशे सात फायली मोजल्या होत्या, आणि मोजणी बरोबर होती.

"आता?"

"आता काय, चला." त्याने शटर अर्धं ओढलं आणि मला स्कूटरवर मागे बसवून प्रेसवर नेलं. प्रेसचा मालक त्याच्या वयाचा होता. कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तो अजून पत्रिका जुळवायचा.

"आजून कोण वापरतंय बे हा फॉन्ट?" त्याने विचारलं.

"हायत एक सर," उस्ताद म्हणाला.

मालकाने माझ्या हातातला पेन ड्राइव्ह घेऊन त्यात फॉन्ट भरून दिला. तो दादांच्याच डबीतला होता, चिठ्ठीसकट. त्यात भरपूर जागा होती.

घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. वहिनींनी चष्मा पुसून लावला आणि खुर्ची ओढून बसल्या. सगळी पानं ड्राइव्हवरून लॅपटॉपवर उतरवून घेतली, फॉन्ट टाकला आणि तिथली फाइल उघडली, तर सगळं पान मराठीत उभं. वहिनींना वाचता येतं, पण त्या म्हणाल्या, "तुमी वाचा." मी वाचायला लागलो. दादांची वाक्यं लहान असायची, फळ्यावर लिहिल्यासारखी. मुलीचं दप्तर, तिला येणारे पाढे, पहाटेचा ट्रक. मग ती ओळ आली: "मी ट्रकपाशी गेलो आणि तिच्या आईला समजावून सांगितलं."

ती ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली होती.

"म्हंजे केलं न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"आन् पिवळं कशानं झालं?"

मी इतर पानं उघडून बघितली. अठ्ठ्याण्णवमध्ये एका गावाचं नाव पिवळं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. एकशे तीनमध्ये एका मुलाच्या बापाचं वय. दुरुस्त करायच्या जागेवर दादा खूण करून ठेवत होते.

"दुरुस्त करायचं राहिलंय, अशी खूण आहे ती," मी सांगितलं.

"कधी केली ते कळतंय का त्याच्यात?"

फाइल शेवटची कधी जतन केली ते कळतं. मी बघितलं. दादांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी. मी तसं वाचून दाखवलं. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्यालाही त्यांनी हाक मारली नाही.

मग म्हणाल्या, "लिवा."

"काय लिहू?"

"त्यांच्याच तोंडचं लिवा. 'त्या दिवशी मी बीडला होतो. ट्रकपाशी ही गेली.' आन् पीठ नका लिवू." थोड्या वेळाने म्हणाल्या, "न्हाई, लिवा पीठ. 'हाताला पीठ होतं.' आन् ते समजावून-बिमजावून काडा. मी समजावलं न्हाई, भांडले. भांडली म्हणून लिवा."

मला दादांच्या फॉन्टच्या कळा येत नव्हत्या. म्हणून ती वाक्यं मी माझ्या पद्धतीने टाइप केली. माझी अक्षरं आजूबाजूच्या दादांच्या अक्षरांपेक्षा बारीक दिसत होती. सारखी करता आली असती. मी तशीच ठेवली आणि पिवळा रंग काढला. फाइल जतन केली, ड्राइव्हवरची प्रत नवी करायला सॉफ्टवेअरला सांगितलं आणि त्याने काम उरकलं. जुनी प्रत तारखेच्या फोल्डरमध्ये गेली. मी ती उघडून वहिनींना दाखवली. पिवळी ओळ तिथे होती तशीच होती. या वेळी त्यांनी ती स्वतः वाचली, पडद्याला बोट लावून.

"तिला कोणतं पाठवू?" मी विचारलं.

"नवं पाठवा. तिला खरं कळू द्या." मग उठता उठता म्हणाल्या, "जुनं एक कागदावर काढून आणा. मला."

दुसऱ्या दिवशी मी सगळं दुसऱ्या ड्राइव्हवरही उतरवलं आणि दोन्ही ड्राइव्हवर फॉन्ट टाकला. एक वहिनींच्या कपाटात ठेवली, साड्यांच्या घडीत, दुसरी उस्तादच्या दुकानात. तो म्हणाला, वरच्या कप्प्यात ठेवतो, तिथून कुणी पाडणार न्हाई. परतताना दोन्ही पानं छापून आणली. नवं पाकिटात घालून लातूरला पाठवलं.

जुनं वहिनींनी हातात घेतलं, पिवळी ओळ कागदावर करडी उतरली होती ती बघितली, आणि चार घड्या घालून स्टीलच्या डबीत ठेवलं. कागद मावेना म्हणून त्यांनी पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिले.

"हे घेऊन जा तुमी," म्हणाल्या. "ह्यांच्यात तसंबी काई न्हवतं." चिठ्ठ्या मात्र त्यांनी आधीच सोडून घेतल्या होत्या.